तळपायावरचा काळा डाग आणि मिलिमीटरचा हिशेब

मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या मोहगावच्या शिवारात तळपायाला दिवसभर उसंत नसते. संत्र्याच्या बागेत ओलिताचं पाणी वळवायचं, पऱ्हाटीतलं निंदण काढायचं, ओल्या वावरात चप्पल रुतते म्हणून ती धुऱ्यावर काढून ठेवायची आणि अनवाणी शिरायचं, हे इथलं रोजचं. काटा मोडतो, टाच फाटते, चिखल्या होतात, कुरूप धरतं. एवढ्यासाठी कुणी दवाखाना गाठत नाही आणि बहुतेक वेळा गाठायची गरजही नसते. पण त्वचेचा एक दुर्मीळ आणि जहाल कर्करोग नेमका याच जागी आणि याच रूपांत येतो. त्याचं नाव मेलानोमा. त्याच्या उपचाराचा निकाल कशावर ठरतो हे इथं सविस्तर सांगतो, कारण निकालाचा मोठा भाग रुग्ण उपचारासाठी नागपूरला पोहोचण्याआधीच ठरून गेलेला असतो.

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशींना मेलानोसाइट म्हणतात. त्या बेबंद वाढू लागल्या की मेलानोमा होतो. ऑस्ट्रेलियात हा रोग वर्षाला लाखामागे तीसहून अधिक लोकांना होतो, भारतात लाखामागे एकालाही नाही. गोऱ्या कातडीवर त्याचं मोठं कारण ऊन. आपल्या सावळ्या कातडीला मेलानिनचं संरक्षण असतं, त्यामुळे उन्हाचा मेलानोमा आपल्याकडे क्वचितच दिसतो. मात्र तळपाय, तळहात आणि नखाखाली होणारा प्रकार उन्हावर अवलंबून नाही, तो सगळ्या वंशांत होतो. १९७६ साली रिचर्ड रीड यांनी त्याचं वेगळेपण नोंदवलं. डॉक्टर त्याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. तळपायावर हा रोग का उगवतो याचं पूर्ण उत्तर हाती नाही. पण जपानी डॉक्टरांनी २०१६ मध्ये दाखवलं, की टाच आणि पंजाचा चवडा अशा भार पेलणाऱ्या जागी तो जास्त आढळतो.

रोग इतका विरळा असल्यामुळे सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने आयुष्यात असा रुग्ण एकदाही पाहिला नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. म्हणून डाग ओळखायचा कसा, हे घरातल्यांनाही थोडं माहीत असलेलं बरं.

तळपायाची कातडी भिंगातून पाहिली तर तिच्यावर समांतर उंचवटे आणि खाचा दिसतात, अगदी वावरातल्या सरी-वरंब्यासारख्या. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो. जपानचे तोशिआकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बारकाईनं मोजलं. रंग वरंब्यावर समांतर पसरलेला असेल तर तो डाग मेलानोमाचा असण्याची शक्यता फार मोठी, असं त्यांच्या अभ्यासातून ठरलं. त्वचारोगतज्ज्ञाच्या हातातलं डर्मोस्कोप नावाचं प्रकाश असलेलं छोटं भिंग हे दोन मिनिटांत दाखवतं. कापावं लागत नाही, दुखत नाही.

नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यासाठी खुणा सोप्या आहेत. डागाचा एखादा भाग कातडीच्या रंगाहून वेगळा आहे, हे नेमकं काय आहे याचं खात्रीचं उत्तर कुणी दिलेलं नाही, त्यातून रक्त किंवा पाणी येतं, औषध लावूनही तो वाढतोय, दोन महिने झाले तरी भरत नाही. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी तज्ज्ञाला दाखवायला हवं. नखाच्या बाबतीत, लांबीच्या दिशेनं एकच काळी पट्टी उमटून ती रुंदावत गेली किंवा तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर थांबू नये. नखाभोवतीची ही खूण इंग्लंडच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्येच नोंदवून ठेवली आहे. काही मेलानोमांना काळा रंग नसतोच. ते लालसर, मांसल, न भरणाऱ्या जखमेसारखे दिसतात आणि रुग्णाला मधुमेह असला की ‘शुगरची जखम’ म्हणून महिनोन्‌महिने ड्रेसिंग होत राहतं.

इथं बिब्ब्याबद्दल बोलायलाच हवं. काटा मोडला, कुरूप झालं, टाच फाटली की बिब्बा तापवून त्याचा चटका द्यायचा ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. पण बिब्ब्याचा चीक कातडी काळी करतो आणि फोड आणतो. डाग आधी काळा होता की बिब्ब्यानं झाला, हे मग कुणालाच सांगता येत नाही. जखम चिघळली ती बिब्ब्यामुळे की आतल्या रोगामुळे, हेही कळेनासं होतं. तळपायावर आधीपासून काळा किंवा तपकिरी डाग असेल, तर त्यावर बिब्बा घालू नये, ब्लेडनं सोलू नये, कुरुपाचं ॲसिडही लावू नये.

पुढची पायरी तुकडा तपासण्याची. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगाव आहे आणि तिनं अनेकांचे महिने वाया घालवले आहेत. योग्य रीतीनं बायोप्सी केल्यानं मेलानोमा पसरत नाही. डाग लहान असेल तर भोवतीच्या दोन-तीन मिलिमीटर कातडीसकट तो पूर्ण काढतात. टाचेवर मोठा पसरलेला असेल तर जिथं तो सर्वांत जाड किंवा काळा आहे तिथला खोलवरचा तुकडा घेतात. वरवर खरवडून घेतलेला तुकडा मात्र उपयोगाचा नसतो, कारण खोली मोजता येत नाही. आणि या रोगात खोलीला फार मोल आहे. दुसरी काळजी अशी, की काढलेला कोणताही तुकडा फेकू देऊ नये. ‘कुरूप होतं, काढून टाकलं’ एवढ्यावर विषय मिटवला आणि सहा महिन्यांनी जांघेत गाठ आली, तर मागे जाऊन तपासायला हाती काहीच उरत नाही.

खोली मोजायची रीत अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दिली. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या वरच्या दाणेदार थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्करोगाच्या पेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. तळपायावरचा मृत कातडीचा जाड थर यात धरत नाहीत. वर व्रण पडला असेल तर व्रणाच्या तळापासून मोजतात. ही पद्धत इतकी साधी आहे, तरी इतक्या वर्षांत तिला पर्याय मिळालेला नाही. एक मिलिमीटरपर्यंत पहिला गट, दोनपर्यंत दुसरा, चारपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. व्रण असेल तर त्याच गटातली वाईट बाजू धरायची.

अहवाल हातात आला की दोन ओळी शोधाव्यात. समजा, लिहिलं आहे: ब्रेस्लो थिकनेस ३.५ मि.मी., अल्सरेशन प्रेझेंट. म्हणजे तिसरा गट, व्रणासह. जांघेतल्या लसिका-गाठींत रोग नसेल तर हा रोगाचा टप्पा (स्टेज) दोन-ब. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार या टप्प्यातल्या १०० पैकी ८७ रुग्णांचा पाच वर्षांत मेलानोमानं मृत्यू झालेला नव्हता. आता याच रुग्णाच्या जांघेतल्या एकाच गाठीत, हाताला न लागणारा, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रोग सापडला, तर टप्पा होतो तीन-क आणि ८७ चा आकडा उतरतो ६९ वर. डाग तोच, पाय तोच. पहिल्या टप्प्याचा आकडा ९८ आहे. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या उपगटाचा ३२.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते मुख्यतः अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या केंद्रांतल्या रुग्णांचे आहेत, म्हणजे बहुतांशी गोऱ्या कातडीच्या, उन्हाच्या मेलानोमाचे. तळपायाच्या प्रकाराचा निकाल त्याहून कमी चांगला येतो. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतल्या १९८६ ते २००५ या काळातल्या रुग्णांवरून काढलेला आकडा असा: सगळ्या त्वचा-मेलानोमांत पाच वर्षं तगलेले ९१ टक्के, अ‍ॅक्रल प्रकारात ८० टक्के. दहा वर्षांचे आकडे ८७ आणि ६७ च्या आसपास. फरकाचं एक कारण निदानाच्या वेळची जाडी, कारण तळपाय कुणी पाहत नाही. रोगाचा स्वभावही वेगळा आहे, तो पुढे औषधांच्या वेळी दिसेल. शिवाय हे आकडे समूहाचे असतात, एका माणसाला लावून ‘इतकी वर्षं’ असं सांगता येत नाही. नातेवाईक डॉक्टरांना ‘किती दिवस?’ विचारतात. त्याऐवजी ‘जाडी किती, व्रण आहे का, गाठीत आहे का?’ असं विचारलं, तर मिळणारं उत्तर जास्त कामाचं असतं.

शस्त्रक्रिया हा आजही मुख्य उपचार. १९०७ मध्ये लंडनच्या सॅम्पसन हँडली यांनी डागाभोवती भरपूर निरोगी कातडी काढायची शिफारस केली आणि पुढची कित्येक दशकं पाच सेंटिमीटरपर्यंत कातडी काढली जात असे. नंतरच्या चाचण्यांनी दाखवलं, की एवढं काढण्याची गरज नसते. आज एक मिलिमीटरपर्यंतच्या डागाला एक सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटरहून जाड डागाला दोन सेंटिमीटर पुरतं. मधल्या जाडीला एक ते दोन. टाचेवर दोन सेंटिमीटर चहूबाजूंनी म्हणजे जवळपास अख्खी टाच उघडी पडते. तिथं मांडीची कातडी लावतात किंवा पायाच्या कमानीतली कातडी रक्तवाहिनीसकट फिरवून टाचेवर बसवतात. कमानीतली कातडी तळपायाचीच असते, भार सोसते आणि तिला संवेदनाही राहते. शेतात उभं राहून काम करणाऱ्याला दोन्हींतला फरक मोठा पडतो, म्हणून प्लास्टिक सर्जन आहे का, हे आधीच विचारावं. अंगठ्याच्या नखाखालचा रोग खोल गेला असेल, तर बोटाचा भाग काढावा लागू शकतो. पूर्ण पाय काढायची वेळ क्वचितच येते.

जाडी एक मिलिमीटरच्या पुढे असेल तर जांघेतली पहारेकरी गाठ तपासतात. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. डागाच्या जागी निळा रंग आणि किंचित किरणोत्सर्गी द्रव टोचतात. तो लसिकेच्या वाटेनं ज्या गाठीत आधी पोहोचतो, तेवढीच गाठ काढून तपासतात. पूर्वी तिच्यात रोग मिळाला की जांघेतल्या सगळ्या गाठी काढत. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीनं दाखवलं, की सगळ्या गाठी काढल्यानं जगण्याचा आकडा वाढत नाही. तीन वर्षांनी दोन्ही गटांत तो ८६ टक्केच होता. हात किंवा पाय सुजण्याचं प्रमाण मात्र २४ टक्के विरुद्ध ६ टक्के. आता अशा रुग्णांवर सोनोग्राफीनं लक्ष ठेवतात. हाताला लागणारी गाठ असेल, तर ती काढावीच लागते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते दुखतं आणि जखम बरी झाली की उतरतं. न दुखणारी, टणक, न उतरणारी गाठ म्हणजे वेगळं काही, आणि ती दाखवायलाच हवी.

रोग शरीरात पसरल्यावर काय, ही कहाणी गेल्या पंधरा वर्षांत बदलली. त्याआधी १९७५ पासून डकार्बाझिन हे किमोथेरपीचं औषध होतं. त्यानं थोड्याच रुग्णांच्या गाठी लहान होत आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात जात. मग कळलं, की आपल्या टी-पेशी कर्करोगाला ओळखतात, पण त्यांच्यावरचे काही रेणू त्यांना हल्ला करण्यापासून रोखतात. हे रोखणारे रेणूच अडवणारी औषधं आली: २०११ मध्ये इपिलिमुमॅब, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र घेतलेल्या पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी ४३ टक्के जिवंत होते, हा निकाल २०२४ मध्ये आला. ज्या रोगात वर्ष काढणं कठीण होतं, त्यातला हा आकडा आहे. वैद्यकाच्या इतिहासात असे बदल फार थोडे झाले.

तळपायाच्या मेलानोमाला मात्र हे दान पूर्ण मिळालेलं नाही, आणि ते लपवून कुणाला आशा दाखवणं बरोबर नाही. उन्हामुळे पेशींच्या जनुकांत हजारो बिघाड होतात. त्या बिघाडांमुळे पेशी परकी दिसते आणि टी-पेशींना ती ओळखता येते. तळपायाच्या रोगात असे बिघाड थोडे असतात. चीनमधल्या १०३ रुग्णांच्या चाचणीत, ज्यात अ‍ॅक्रल प्रकार बऱ्याच जणांना होता, पेम्ब्रोलिझुमॅबनं गाठी लक्षणीय लहान झाल्या त्या सुमारे १७ टक्क्यांच्या. म्हणजे सहांत एक. गोळ्यांचा मार्गही अरुंद आहे. ब्रॅफ नावाच्या जनुकातला बिघाड गोऱ्या रुग्णांत जवळपास निम्म्यांत सापडतो आणि त्यावर चांगल्या गोळ्या आहेत. अ‍ॅक्रल प्रकारात तो पाचातल्या एकाच्या आसपास किंवा कमी. काहींमध्ये किट नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यांच्यापैकी काहींना इमॅटिनिब ही रक्ताच्या कर्करोगातली जुनी गोळी उपयोगी पडते आणि ती भारतात स्वस्तात मिळते. म्हणून पसरलेल्या रोगात तुकड्याची जनुक-तपासणी टाळू नये.

जांघेत गाठ आहे पण पुढे पसरलेलं नाही, अशा रुग्णांसाठी क्रम महत्त्वाचा ठरतोय. शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याऐवजी काही मात्रा आधी देऊन मग शस्त्रक्रिया केली, तर दोन वर्षं रोग न उलटलेले ७२ टक्के. सगळ्या मात्रा नंतर दिल्या तर ४९. हा निकाल २०२३ चा. कारण असं, की गाठ जागेवर असताना टी-पेशींना ओळख पटवायला जास्त खाद्य मिळतं. तेव्हा जांघेतली गाठ घाईनं काढून टाकण्याआधी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टचं मत घ्यावं.

या औषधांचे दुष्परिणाम किमोथेरपीसारखे नसतात. केस सहसा जात नाहीत. पण सुटलेल्या टी-पेशी स्वतःच्याच आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर जातात. दोन औषधं एकत्र दिली तर निम्म्याहून अधिक रुग्णांना गंभीर त्रास होतो. गावात हगवण लागली की ओआरएस आणि एक गोळी घेऊन माणूस दोन दिवस वाट पाहतो. इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ती वाट पाहणं जिवावर बेतू शकतं, आणि वेळेत स्टेरॉइड मिळालं तर तोच त्रास आटोक्यात येतो. औषधाचं नाव लिहिलेला कागद खिशात ठेवावा आणि सौंसरच्या डॉक्टरलाही तो आधी दाखवावा. याच औषधांनी काही मेलानोमा रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग येतात. घरचे हबकतात, लोक काय म्हणतील म्हणून अंग झाकतात. खरं तर टी-पेशी रंगाच्या पेशींवर तुटून पडत असल्याची ती खूण आहे आणि असे डाग आलेले रुग्ण सरासरीनं जास्त जगलेले आढळले आहेत.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. पूर्ण मात्रेच्या एकेका इंजेक्शनची किंमत लाखाच्या घरात जाते. पेम्ब्रोलिझुमॅबवरचं आयात शुल्क सरकारनं २०२३ मध्ये माफ केलं, तरी संत्र्याच्या एका बहरावर ती झेपत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कर्करोगात किमोथेरपीच्या गोळ्यांच्या जोडीला फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या सुमारे बारावा भाग, तीन आठवड्यांनी एकदा देऊन वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर नेलं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मेलानोमासाठी ते जसंच्या तसं लागू होत नाही. पण पैशाअभावी उपचारच थांबणार असेल, तर कमी मात्रेबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं.

मोहगावच्या माणसाचा दवाखाना नागपूर आहे. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. आजारी पडल्यावर मात्र पाय सावनेरच्या रस्त्यालाच लागतात. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, एम्स आणि सरकारी मेडिकल आहे. मध्य प्रदेशचं आयुष्मान कार्ड महाराष्ट्रातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण कोणतं रुग्णालय आणि कोणता उपचार त्यात बसतो, हे १४५५५ वर किंवा तिथल्या आयुष्मान मित्राकडे आधी विचारून निघावं. सोबत बायोप्सीच्या कागदासह मेणातला ब्लॉक आणि स्लाइडही न्याव्यात. हा रोग विरळा आहे, त्यामुळे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं स्लाइड पाहणं उपयोगी पडतं आणि ब्लॉक असला तर पुन्हा तुकडा घ्यावा लागत नाही.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढवत. घरी महिन्यातून एकदा उजेडात बसून शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवती नवे काळे ठिपके आहेत का ते पाहावं, गुडघ्यामागे आणि जांघेत बोटांनी चाचपावं. स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही, म्हणून बायकोनं किंवा मुलानं पाहावा. टाचेवर लावलेली कातडी पहिलं वर्षभर नाजूक असते आणि तिला काटा टोचलेला कळेलच असं नाही. कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी एमसीआर या मऊ रबराच्या चपला बनतात, त्या इथंही चालतात. जाड टाच असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी, म्हणजे ओल्या वावरातही ती पायातून निसटत नाही.